गुंड्याने खाल्लेलं पान

आता हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते. वनस्पतीशास्त्रात बीएस्सी झालेल्या बाईची ही गोष्ट आहे. म्हणजे माझीच.

मिनू तेव्हा रांगत होती. ठाण्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर. त्यात हे, मी, सासूबाई, मिनू, गुंड्या नावाचा बोका आणि टीव्हीवर मी हौसेने आणलेलं डिफेनबेकिया. मोठी हिरवी पानं, त्यांवर पांढरे शिंतोडे. कुंडी हातात दिल्यावर रोपवाला म्हणाला, "ताई, पान कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका. लाळ गळते, जीभ सुजते."

आधी नाही का सांगायचं?

सासूबाईंनी लगेच निकाल दिला. "टाकून दे ते."

"नाही आई. मिनू, गुंड्या, झाड, तिघांनाही मी सांभाळीन. काही झालंच, तर माझ्या हाताने टाकेन."

शब्द दिला, आता माघार कसली? सकाळ-संध्याकाळ पानं मोजायची. टोक वाळलं की तेवढंच छाटायचं.

एका दुपारी बघते, तर एका पानाचं टोक गायब. खाली गुंड्या निवांत मिशा चाटतोय.

मिनूच्या तोंडात बोट घालून पाहिलं. काही नाही. म्हणजे गुंड्याच. मिनूला सासूबाईंकडे दिलं, हाताला आली त्या पिशवीत गुंड्याला कोंबलं, पुरावा म्हणून ते पान तोडून घेतलं आणि रिक्षा पकडली. वाटेत पिशवीत डोकावले, तर लाळेची धार लागलेली.

"काका, जरा जोरात घ्या. त्याची जीभ सुजतेय."

"कोणाची?" रिक्षावाला मागे वळून म्हणाला. "ताई, पिशवीत कोण आहे?"

नौपाड्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी गुंड्याचा जबडा उघडला.

"जीभ ठणठणीत आहे. लाळ कधीपासून?"

"पिशवीत घातल्यापासून."

त्यांनी पिशवी हुंगली. "यातून काय आणता?"

"सुके बोंबील."

"मग माझीही गळेल." त्यांनी पान उजेडात धरलं. "बाई, मांजर असं सरळ रेषेत कापून खात नाही. घरात कात्री कोण चालवतं?"

मला सकाळ आठवली. वाळलेलं टोक. आणि माझा हात.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "मग? झाड टाकायचं की बोका?"

काय करणार, खरं ते सांगितलं. मग मुकाट्याने कात्री उचलून माळ्यावर ठेवली. झाड आणि बोका, दोघेही घरातच राहणार होते.

"बरं केलंस," सासूबाई माळ्याकडे बघत म्हणाल्या. "पण तू मावशील का गं तिथे?"