बंद खोलीचा पास

“फॉर्मवर कर्ज किंवा कर विचारला की ‘काही नाही’ लिहायचं. का, ते विचारायचं नाही.”

चौऱ्याण्णव साली तोक्योत पाऊल ठेवलं, त्याच आठवड्यात गोखलेसाहेबांनी मला हा नियम दिला. ते कंपनीने भारतातून पाठवलेल्या आमच्या इंजिनियरांच्या टीमचे मुख्य, मी पुण्यात जपानी शिकून आलेली दुभाषी. प्रश्न विचारायची बंदी असली की किस्से फार लवकर साचतात. माझ्याकडे दोन वर्षांत ढीग झाला. लोक ऐकून हसतात. मला हसू येत नाही.

तोक्योच्या कोतो भागातल्या क्लायंटच्या इमारतीत एक बंद खोली होती. आत सरकारी कामाची यंत्रणा. आत जायला पास, आणि पाससाठी तो फॉर्म: कर्ज आहे का, कुणाला जामीन आहात का, कर थकलाय का. पास नाही तर काम नाही, काम नाही तर परतीचं विमान!

सिक्युरिटीच्या इशिदा-सान पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “कर्ज असलं तरी पास मिळतो. लपवलं तर मिळत नाही. लपवणाऱ्याला कुणीही धमकावून काहीही करून घेऊ शकतं.”

मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “ही माणसं तोंडदेखलं गोड बोलतात. तू लिही ‘नाही’!”

आणि मी लिहिलं. एकामागून एक, सगळ्यांचे फॉर्म.

*

मोघेकाका साहेबांचे उजवे हात. फ्लॅट कर्जावर, गाडी कर्जावर.

“काका, फ्लॅटचं तरी लिहू या?”

“ते कर्ज नाही गं, ते घर आहे!”

“आणि गाडी?”

“ती तुझी काकू चालवते!”

*

साठे आमच्यातला सगळ्यात लहान इंजिनियर, कराडचा. त्यानं फॉर्म स्वतःच भरून आणला. वडिलांच्या ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज, उरलेले हप्ते, आणि शेवटी: गोखलेसाहेबांच्या बंगल्याच्या कर्जाला जामीन. कंपनीच्या पतपेढीत नव्या पोरांनी साहेबांना जामीन राहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. नोकरी लागली की आधी पेढे, मग सही!

मोघेकाकांनी कागद वाचला. “हा फॉर्म आहे की आत्मचरित्र?” म्हणाले आणि टरकावून टाकला. दुसरा मी भरला.

“मुक्ता, हे बरोबर आहे ना?” साठेनं विचारलं.

“सगळे असंच करतात,” मी म्हटलं. या वाक्याची मला अजून चीड येते.

*

मग इशिदा-साननी कर भरल्याचा दाखला मागितला. आम्ही सगळे हिगाशी-कसाईत राहायचो, म्हणून गेलो त्या भागाच्या, म्हणजे एदोगावाच्या वॉर्ड ऑफिसात. खिडकीतला माणूस तीनदा वाकून म्हणाला, “माफ करा, तुमच्यापैकी कुणाचंही रिटर्न आलेलं नाही.”

साहेबांना वाटत होतं कंपनी भरते, कंपनीला वाटत होतं साहेब बघतात. आणि भारतात भरायचा कर? साहेब म्हणाले, “तिथे आपण राहतो कुठे!”

मोघेकाकांचा चेहरा मात्र उजळला. “आपल्याबद्दल काहीच रेकॉर्ड नाही म्हणतोय ना? मग झालं की!”

साठे तेवढा मागे थांबला. राहिलेला कर भरायचा कागद मागून घेतला आणि तिथेच बसून भरला.

*

साहेबांनी बंगल्याचे हप्ते थांबवले आणि इथे गोल्फचा सेट घेतला. पतपेढीची नोटीस गेली कराडला, साठेच्या वडिलांच्या दारात. त्यांनी ती मुलाकडे पाठवली. तो साहेबांकडे गेला.

“जामीन म्हणजे नुसती सही रे! इतकं काय मनाला लावून घेतोस?”

साठे नोटीस आणि मला घेऊन थेट इशिदा-सानकडे गेला. मी शब्द सांगितला, “जामीनदार.” त्यांचा चेहरा पडला. जामीन राहून घरदार गेलेली माणसं जपान्यांच्या शेजारीच राहत असतात. त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

*

दुसऱ्या दिवशी बैठक. टेबलावर साठेचा फॉर्म आणि ती नोटीस. इशिदा-साननी विचारलं, “मग फॉर्मवर ‘नाही’ का लिहिलं?”

साहेब मला मराठीत म्हणाले, “सांग, यानं आमच्यापासूनही लपवलं.” साठे शेजारीच बसला होता.

“नाही सांगणार.”

“मुक्ता, पोरगा परत गेला तर दुसरी नोकरी धरेल. आपली टीम वाचेल. एवढं कळत नाही तुला?”

मी इशिदा-सानकडे वळले आणि बोलले.

“काय सांगितलंस?”

“तुम्ही आत्ता म्हणालात ते. आणि फॉर्मवरचं अक्षर माझं आहे, लिहायला तुम्ही लावलंत, हे.”

“हिला तोंड आवरायला सांगा, साहेब!” मोघेकाका ओरडले.

मी तेही सांगितलं. अगदी आदरार्थी जपानीत.

इशिदा-साननी पेनचं टोपण काढलं. “यांना अजून काही सांगायचं आहे का?”

मी दोघांना मराठीत विचारलं. गोखलेसाहेब टेबलाकडे बघत राहिले, मोघेकाका गोखलेसाहेबांकडे.