तिसऱ्यांदा विचारत नाहीत

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या त्या ऑफिसात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी फळा भरायचा. म्हाताऱ्या माणसांसाठी कमी भाड्याच्या चार इमारती त्या संस्थेच्या ताब्यात होत्या, आणि त्यांत जी घरं रिकामी होत त्यांच्या चिठ्ठ्या फळ्यावर टाचल्या जात. एका खोलीचं, दुसरा मजला, खिडकी रस्त्याकडे. एका खोलीचं, तळमजला, बाथरूममध्ये धरायला दांडी. फळ्याखाली कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असे. यादीत नाव असलेल्यानं आपल्याला हवं ते एकच घर निवडायचं, त्याचा नंबर कार्डावर लिहायचा आणि पेटीत टाकायचं. एका घरावर पाचजणांनी कार्डं टाकली, तर यादीत ज्याचं नाव सगळ्यांत वर, त्याला ते घर.

शरयू खटावकर हा फळा बघायला पायी जात. पांढरे बूट, सुती साडी आणि उन्हासाठी मुलाच्या कंपनीची निळी टोपी. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि या कामासाठी कुणाला सोडायला सांगायचं नव्हतं. कराडच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी पीटी शिकवण्यात काढली होती. सत्तरी उलटली तरी चालताना पाठ ताठ असे. सनीव्हेलच्या फुटपाथवर साडीतली बाई चालताना दिसली की एखादी गाडी हळू होई. काच खाली करून कुणीतरी विचारी, सोडू का कुठं? शरयूबाई हसून हात हलवत आणि "नो, नो" म्हणत. गाडी निघून जाई. मग थोडा वेळ त्यांना वाटत राही, पुन्हा विचारलं असतं तर बसले असते.

मुलगा चारुदत्त चिप बनवणाऱ्या कंपनीत होता, सून कांचन सॉफ्टवेअरमध्ये. घर दोन बेडरूमचं. एक त्या दोघांची, दुसऱ्या खोलीत तेरा वर्षांची अनया आणि तिची आजी. कांचन वाईट नव्हती. शरयूबाईंच्या गोळ्या ती स्वतः आणून ठेवी, डॉक्टरकडे नेई. फक्त घरात फोडणी चालत नसे. कार्पेटला वास लागतो, कपाटातल्या ऑफिसच्या कपड्यांना लागतो. म्हणून गॅरेजमध्ये एक टेबल आणि त्यावर इलेक्ट्रिक शेगडी होती. सकाळी गाड्या बाहेर पडल्या की शरयूबाई तिथं उभ्या राहून मोहरी तडतडवत, आणि पातेलं दोन्ही हातांत धरून, कोपरानं दार ढकलत आत येत. आठ वर्षं हे चाललं होतं. पातेलं कधी सांडलं नव्हतं.

या घरांची माहिती त्यांना वसुधा गोखल्यांनी दिली. वसुधाताई मंदिरात भेटत, एकट्या राहत, संस्थेच्याच एका इमारतीत. शरयूबाई तोवर अमेरिकेच्या नागरिक झाल्या होत्या, तेव्हा अडचण काही नव्हती. दोघींनी मिळून कागद भरले आणि घरी कुणाला सांगितलं नाही. चारुदत्तला कळलं ते २००६च्या उन्हाळ्यात, संस्थेतून पत्ता तपासायला फोन आला आणि तो त्यानंच उचलला तेव्हा.

"आई, हाउसिंगला अर्ज केलास? तू?" फोन ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "आम्ही काय कमी केलं तुला?"

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. मला घर पाहिजे."

"हे कुणाचं घर आहे?"

"तुझं," शरयूबाई म्हणाल्या. "चांगलं आहे."

कांचन लॅपटॉप मिटून उठली. "आई, मराठी मंडळात काय सांगायचं हो आम्ही? यांना यंदा सेक्रेटरी केलंय. लोक म्हणतील, आईला सांभाळता येईना."

"पत्ता दे त्यांना माझा. म्हणावं, येऊन विचारा."

"विनोद नाही हा, आई," चारुदत्त म्हणाला. "लोक बोलतात."

"चारू, तुझे बाबा गेले आणि महिन्याभरात मी मैदानावर शिट्टी वाजवत उभी राहिले. तेव्हा कराडातले लोक कमी बोलले का? त्याच पगारात तू इंजिनिअर झालास. लोकांनी फी नाही भरली तुझी."

सोफ्यावरून अनयानं मान वर केली. "सो डझ दॅट मीन आय गेट द होल क्लॉझेट?"

"होल," शरयूबाई म्हणाल्या. त्या खोलीत मुद्द्याचं तेवढी ती एकटीच बोलत होती.

सप्टेंबरच्या फळ्यावर त्यांना हवं तसं घर दिसलं. दुसरा मजला, पूर्वेची खिडकी. वसुधाताईंच्याच इमारतीत होतं, म्हणून शरयूबाई आधी जाऊन बघून आल्या. खिडकीसमोर जर्दाळूचं जुनं झाड होतं, इथल्या बागा तोडल्या तेव्हा चुकून राहिलेलं. ओट्यावर पंखा होता, वास बाहेर फेकणारा. शरयूबाईंनी तो चालू करून बघितला, बंद केला, पुन्हा चालू केला. मग कार्ड टाकलं.

आठवड्यानं बोलावणं आलं. मॅनेजर मिसेस ऑर्टिझ जाडजूड, मऊ आवाजाची बाई होती. तिनं समोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "चांगली बातमी आहे. तुम्ही निवडलेलं घर तुम्हालाच मिळतंय. घेणार ना?"

"नो, नो," शरयूबाई हसून म्हणाल्या. हातही हलला. "समबडी मे नीड मोर."

मिसेस ऑर्टिझ चमकली. "आर यू शुअर?"

"शुअर, शुअर. नो प्रॉब्लेम."

आणि त्या पदर सावरून नीट बसल्या. आता ती म्हणेल, अहो असं कसं, तुम्हीच निवडलंत ना, घ्या बघू. मग आपण म्हणायचं, बरं, एवढं म्हणताय तर. कराडात कुणाकडे गेलं तर चहासुद्धा याहून लवकर कुणी स्वीकारत नसे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारं माणूस हावरट, दुसऱ्याला म्हणणारं उतावळं. तिसऱ्यांदा घरच्या बाईनं कप हातातच दिला की घ्यायचा.

मिसेस ऑर्टिझनं शरयूबाईंच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. हा एक नकार झाला, ती म्हणाली. आणखी एकदा नकार दिलात, तर नाव यादीच्या तळाशी जाईल, आणि तिथून वर यायला काही वर्षं लागतात. तिचा आवाज तसाच मऊ होता. मग तिनं विचारलं, पाणी हवंय का? शरयूबाई त्यालाही नो म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावर सिग्नलपर्यंत आल्यावर त्यांना काय झालं ते कळलं. त्या वळल्या आणि चालत नाही, पळत परत गेल्या. तोवर यादीतल्या पुढच्या माणसाला फोन गेला होता. तो पहिल्याच विचारण्याला हो म्हणाला होता.

"अगं, तू काय हळदीकुंकवाला गेली होतीस का?" वसुधाताईंनी कपाळावर हात मारला. "घर देत होती ती बाई, वाटली डाळ नव्हे!"

"तोंडातून निघून गेलं."

"इथं तिसऱ्यांदा विचारत नाहीत, शरयू. तू नको म्हटलंस की त्यांना खरंच वाटतं."

चारुदत्तचा चेहरा मात्र त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मोकळा झाला. जेवताना त्यानं स्वतः आईच्या ताटात भात वाढला. "बघ आई, शेवटी तुझ्याच तोंडून 'नाही' आलं. आतून तुलाही नकोच होतं ते."

शरयूबाईंनी घास खाली ठेवला. घर गेल्याचं त्यांनी सोसलं होतं. हे सोसवेना.

"माझ्या आतलं मला विचारायचं, चारू. तू सांगायचं नाही. जन्मभर लोकांच्या घरी शहाण्यासारखं वागून जिभेला सवय लागलीय. आता मोडते ती सवय."

दुसऱ्या दिवसापासून त्या पहिल्या विचारण्याला हो म्हणू लागल्या. अनयाला हा खेळ फार आवडला. खोलीत, जिन्यात, बाथरूमच्या दाराबाहेर कुठंही गाठून ती विचारी, "आजी, कुकी?" शरयूबाईंच्या तोंडून आधी "न" निघे, मग त्या दात आवळत आणि म्हणत, "येस." "टू स्लो," अनया म्हणे आणि कुकी स्वतः खाई. आठवड्याभरात कुकी आजीला मिळू लागली. फुटपाथवर एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, तेव्हा शरयूबाई दार उघडून बसल्यासुद्धा. अनोळखी माणसाच्या गाडीतून आई घरी उतरलेली बघून कांचनच्या हातून मोबाइल पडायचा राहिला.

दिवाळीत मंडळाचा फराळ शैलजा देवधरांकडे होता. शैलजाबाई करंज्यांचं ताट फिरवत आल्या. "काकू, अजून एक?" असं विचारत त्या सवयीनं पुढच्या माणसाकडे वळल्यासुद्धा होत्या.

"हो," शरयूबाई म्हणाल्या. "दोन दे."

ताट परत आलं. शरयूबाईंनी दोन करंज्या उचलल्या.

"आई, काय वाटलं असेल त्यांना?" परत येताना गाडीत कांचन म्हणाली.

"काय वाटायचंय? तिनं विचारलं, मी सांगितलं. करंजी बरी होती. सारण जरा कोरडं."

चारुदत्त आरशातून आईकडे बघत होता.

फेब्रुवारीच्या फळ्यावर तीन घरं होती. दोन वरच्या मजल्यांवरची, लिफ्टजवळची. त्यांच्याभोवती काठ्या आणि वॉकर घेतलेल्यांची गर्दी होती. तिसरं तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या सामाईक खोलीला लागून. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. शरयूबाई वसुधाताईंना घेऊन ते घर बघायला गेल्या आणि आधी शेजारच्या खोलीत, चालू मशीनसमोरच्या बाकावर बसल्या. ड्रायरमध्ये कुणाच्या तरी पँटची बटणं खडखडत होती.

"दिवसभर हीच घरघर," वसुधाताई म्हणाल्या. "वेड लागेल तुला."

"अख्ख्या शाळेची मधली सुट्टी ऐकलीय मी, वसुधा. हे काहीच नाही. आणि या भिंतीपलीकडं माणूस नाही. फोडणीचा वास आला म्हणून दार कोण वाजवणार? मशीन?"

कार्ड एकट्या त्यांचंच पडलं होतं.

या वेळी चारुदत्तनं रजा काढली. "मी फक्त सोडायला येतो," तो म्हणाला. आणि सोडून आतही आला. घर बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी कुंपणाच्या भिंतीवर उघडत होती. भिंत ड्रायरनं थरथरत होती. त्यानं भिंतीला तळहात लावून बघितला आणि पँटला पुसला.

ऑफिसात मिसेस ऑर्टिझनं विचारलं, "मिसेस खटावकर, हे घर तुम्हाला मिळतंय. घेणार?"

शरयूबाईंनी तोंड उघडलं, पण चारुदत्त आधी बोलला. "माय मदर नीड्स सम टाइम टू थिंक."

उत्तर आजच हवं, मिसेस ऑर्टिझ म्हणाली. नाही तर तो नकार धरला जातो. दुसरा.

चारुदत्त आईकडे वळला आणि मराठीत, भरभर बोलू लागला. "आई, हे घर नाही, खुराडं आहे. सोड हे. थांब थोडी, वरच्या मजल्यावरचं मिळेल."

"तिनं काय सांगितलं ते ऐकलंस ना? नाव तळाला जाईल माझं."

"जाऊ दे ना मग तळाला. घाई काय आहे? तोवर आहेसच की आमच्याकडे."

शरयूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला नियम कळला होता. नीट कळला होता, म्हणूनच तो हे बोलत होता.

मिसेस ऑर्टिझनं पेन हातात घेतलं होतं. "तुमचा मुलगा काय म्हणतोय?"

"माय सन इज सेइंग," शरयूबाई म्हणाल्या, "ही विल कॅरी माय बेड." मग त्या पुढे झुकल्या. "यू आर आस्किंग, आय ॲम सेइंग येस. वन टाइम आस्क, वन टाइम येस. प्लीज राइट."

मिसेस ऑर्टिझनं लिहिलं. पाणी हवंय का, तिनं विचारलं. "येस," शरयूबाई म्हणाल्या आणि सगळा ग्लास प्यायल्या.

पलंग चारुदत्तनंच नेला. मित्राची व्हॅन आणली, एकट्यानं चढवला, उतरवला, तोंड पाडून. घरातून निघताना आईशी आवश्यक तेवढंच बोलला. कांचननं गॅरेजमधली शेगडी पुसून खोक्यात भरून दिली. "असू दे आई, लागेल." शरयूबाईंनी ती परत टेबलावर ठेवली. "तुझ्याकडे असू दे. मला तिकडं आत चालतं."

पहिल्या फोडणीला धुराचा अलार्म किंचाळला. शरयूबाईंनी स्टुलावर चढून निळ्या टोपीनं वारा घातला, तो गप्प झाला, आणि त्यांनी उरलेल्या मिरच्या तेलात टाकल्या. दार कुणी वाजवलं नाही.

चारुदत्त तीन आठवडे फिरकला नाही. मग एका रविवारी एकटाच आला, अनयाची जुनी रजई घेऊन. बसला. भिंतीपलीकडं ड्रायर फिरत होता. ओट्यावर आलं घातलेला चहा उकळत होता.

"चहा घेणार?" शरयूबाईंनी विचारलं.

"नको गं. कशाला उगाच."

"बरं," त्या म्हणाल्या. एक कप गाळला, आणला, त्याच्यासमोर बसून फुंकर मारत पिऊ लागल्या.

चारुदत्तनं खिडकीबाहेरची भिंत बघितली. ओट्यावरचा पंखा बघितला. आईच्या कपातून वाफ वर जात होती. ती पुन्हा विचारील म्हणून तो बराच वेळ थांबला.

"आहे का अजून?" शेवटी तो म्हणाला.

"पातेल्यात आहे," शरयूबाई म्हणाल्या. "पाहिजे असेल तर पाहिजे म्हण."

"पाहिजे," चारुदत्त म्हणाला.

त्यांनी उठून दुसरा कप काढला.