व्हिएन्ना ते बर्लिन, सव्वा तास

माझा भाऊ व्हिएन्नात राहतो, ताई बर्लिनमध्ये आणि मी वेलिंग्टनला. दर भाऊबीजेला भाऊ ओवाळून घ्यायला ताईकडे जातो. विमानाने जेमतेम सव्वा तास! पण त्याचं कौतुक काही संपत नाही. फॅमिली ग्रुपवर बोर्डिंग पासचा फोटो, विमानतळावरच्या कॉफीचा फोटो आणि खाली मावशी, काकूंचे मेसेज: ‘एवढ्या लांबून आला गं बहिणीसाठी!’ माझं डोकंच फिरतं. इथे वारा सुटला की आम्ही त्याहून जास्त वेळ नुसते विमानतळावर बसून काढतो.

त्यांची संध्याकाळ होते तेव्हा माझ्याकडे दुसरा दिवस उजाडलेला असतो, भाऊबीज उलटून गेलेली असते. मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून फोनला ओवाळते.

यंदा मी तबक खाली ठेवतेय तोच आई स्क्रीनवर आली.

“दरवर्षी तो बिचाराच दगदग करतो. पुढच्या वर्षी तूच ये ना इकडे. तूही परदेशातच तर आहेस, तुला जवळच पडेल.”

“आई, बर्लिनपेक्षा मला पुणं जवळ आहे!” मी ओरडलेच.

“मग पुण्याला येत जा की दिवाळीला. आम्ही काय नको म्हणतो?”

हे ती बर्लिनमध्ये, ताईच्या सोफ्यावर बसून म्हणाली. शेजारी बाबा अनारसा खात होते. पुण्यातल्या आमच्या घराला गेल्या तीन दिवाळ्या कुलूप आहे.