येलवालची फ्रोझन थालीपिठं

म्हैसूरला आल्यापासून एक वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. "अहो, इथे कसली काळजी? इडली-दोसा आहे की!" माझ्या मुलीला गहू अजिबात चालत नाही, पोटात गेला की आतड्यांना इजा होते, एवढं सांगितलं रे सांगितलं की समोरचा हे वाक्य टाकून मोकळा. अरे बाबा, नऊ वर्षांच्या पोरीला रोज उठून इडली? आणि दोसा कुरकुरीत व्हावा म्हणून त्यात ढकललेला रवा, सांबारातल्या हिंगात मिसळलेलं पीठ, हे कोण बघणार? तुमचे तीर्थरूप?

सकाळी मला कडकोळला जाणारी कंपनीची बस गाठायची असते. नवरा त्याआधीच घराबाहेर. फ्रीजरमधून काढून तव्यावर टाकता येईल, पोरीला आवडेल आणि आमचं दिवाळं निघणार नाही, असं काहीतरी मला हवं होतं. मोठ्या दुकानातल्या फ्रीजरपुढे उभी राहून बोटं बधिर होईपर्यंत मी पाकिटांच्या पाठी वाचल्या. परदेशी वॉफल्स होते. एकदा छातीवर दगड ठेवून आणले, तर चव पुठ्ठ्याची. नाचणीचे पराठेही होते. "रागी, मॅडम! तगोळ्ळी, तगोळ्ळी," दुकानदार आग्रहाने पाकीट पुढे करत म्हणाला. मागे बघते तर पहिलंच नाव गव्हाचं, रागी कुठेतरी शेपटाला. मी म्हटलं, याला नुसती रागी दाखवून आणलीय. तो हसला, आणि मला आणखीच संताप आला.

मग इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर येलवालच्या एका काकूंचा पत्ता लागला. त्या थालीपिठं अर्धवट भाजून, फ्रीज करून विकायच्या. पाकिटावर ठसठशीत स्टिकर: ग्लूटेन फ्री. तरी मी फोन करून विचारलं, "काकू, गहू नाही ना?"

"छे गं! कणीक शिवतसुद्धा नाही मी त्याला."

दर परवडणारा, आणि चव? लेकीने पहिल्याच दिवशी लोण्याबरोबर दोन फस्त केली आणि तिसऱ्यासाठी ताटली पुढे केली. रोज सकाळी ती आपणहून स्वयंपाकघरात यायला लागली. सुटले एकदाची, असं वाटलं मला.

महिनाभरात तिचं पोट पुन्हा फुगलं. जुलाब, वजन उतरलेलं, शाळेतून फोन. डॉक्टर तिला म्हणाले, "बाहेरचं काहीतरी खाल्लंस ना?" नवराही तिच्याच मागे लागला, "मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं असशील, खरं सांग." ती नाही नाही म्हणत रडत राहिली. डोकंच फिरलं माझं. माझी पोर खोटं बोलत नाही. घरात नवीन आलेली गोष्ट एकच होती. रविवारी तिला गाडीत घालून मी तडक येलवाल गाठलं.

काकू भाजणीची धान्यं निवडत बसल्या होत्या. परातीत तांदूळ, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे. आणि मधे मधे चक्क गहू.

"काकू, हे काय आहे?"

"अगं, मूठभरच. त्याशिवाय थालीपीठ थापताना तुटतं. आणि एवढं खमंग भाजल्यावर त्यातलं राहतंय काय?"

"तुम्ही मला नाही म्हणालात!"

"कणीक नाही म्हटलं. भाजणीला कुणी गहू म्हणतं का?"

मग माझा तोल सुटला. "माझी पोर महिनाभर पोट धरून बसलीय! सगळ्यांनी तिला खोटारडी ठरवलं! आणि तुम्ही मला मूठ दाखवताय?" काकूंचा चेहरा पडला. "आमच्याकडे अशीच करतात गं," त्या पुटपुटल्या. मी म्हटलं, तुमच्याकडे काय वाटेल ते करा, आधी ती स्टिकरं काढा, आत्ता, माझ्यासमोर. त्यांनी फ्रीजर उघडला आणि एकेक पाकीट घेऊन नखाने खरवडायला लागल्या. मी शेवटच्या पाकिटापर्यंत तिथून हलले नाही. दया-बिया काही आली नाही मला.

लेक इतका वेळ दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. गहू बंद झाला तेव्हा ती दीड वर्षाची होती, तिला त्याची चव आठवणंच शक्य नव्हतं. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आई, गहू इतका छान लागतो?"