काचेच्या बुटाचं माप

अंबरनाथला आमचा वाचनगट रविवारी जमतो. यंदा आम्ही लहानपणीच्या परीकथा पुन्हा वाचतोय. गटात उल्हासनगरचे एक चपलांचे दुकानदार आहेत. घरी सिंधी बोलतात, आमच्याशी मराठी आणि चिडले की हिंदी. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या पायांवर असते. मला ते आधी खटकायचं.

काचेच्या बुटाची गोष्ट वाचली, त्या दिवशी ते भलतेच चिडले. "राजपुत्र बूट घेऊन पाय शोधत फिरतो? ये कैसा धंदा है! अरे, पाय बघून बूट द्यायचा असतो."

आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्या रविवारी त्यांनी गटातल्या बदलापूरच्या मावशींपुढे एक खोका ठेवला. आत लालभडक सँडल होत्या, डावी पाच नंबरची, उजवी सात नंबरची. मावशींचा डावा पाय जन्मापासून लहान आहे, डाव्या चपलेत त्या कापडाची घडी कोंबून चालतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. सँडल घालून मावशी खोलीभर फिरल्या आणि दारापाशी चक्क गिरकी घेतली.

या धंद्यात जोडी कुणी फोडत नाही. यांनी दोन फोडल्या होत्या.

"उरलेल्या दोन सँडलचं काय?" मी विचारलं.

"शोकेसमध्ये लावल्यात. डावा पाय मोठा, उजवा लहान, अशी पण कोणी असेल ना!"

"म्हणजे तुम्हीही बूट घेऊन पाय शोधताय."

"फिरत नाय मी," ते ऐटीत म्हणाले. "दुकान उघडून बसलोय."