यानातला तंबोरा

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका कारागिरांना टीव्हीवरच्या जुन्या अंतराळमालिकेत एकाच गोष्टीत रस होता, यानाच्या घुमण्यात. ते सुरू झालं की हातातलं काम थांबवून म्हणायचे, "आवं, ह्यो आपला तंबोरा हाय!" मी हसायचो.

मग त्या मालिकेवरून मोबाइलचा खेळ निघाला, आणि मालिकाही नव्या आवाजासह पुन्हा दाखवायचं ठरलं. दोन्हींतल्या यानाच्या आवाजासाठी पुण्याचे एक साहेब तंबोरा ध्वनिमुद्रित करायला आले, सोबत तीन माइक आणि भारतीय परंपरेवरचं भाषण घेऊन. कारागिरांनी दुपारभर तारा छेडल्या, वर चहा पाजला. साहेबांनी तोच आवाज रियाजाचं ॲप करूनही विकला. आता गाणारे फोन लावून बसतात. तंबोऱ्याला गिऱ्हाईक नाही.

परवा दुकानात तीच नव्या आवाजातली मालिका चालू होती, आवाज बंद करून. मी विचारलं, "का हो?"

"आता त्यो खरंच आपला हाय न्हवं," ते म्हणाले. "ऐकवत न्हाई."