सेक्रेटरीनं केलेला सत्कार

आमचे किसनराव तरनेपनी लय जोरात बॉल टाकत. उंच मानूस, लांबलचक रनअप, म्हनून अख्खं नांदगाव खंडेश्वर त्यायले 'वेस्ट इंडिजवाला' म्हने. अमरावती जिल्ह्याकडून खेळून अकोल्याच्या टीमले त्यायनं रडवलं, मंग गुडघा गेला अन् खेळ संपला. लगन झालं तवा मले वाटलं, चला, आता मानूस वावरात तरी दिसन. कायचं काय! तालुक्याच्या क्रिकेट मंडळाचे सेक्रेटरी होऊन बसले. मी अमरावतीच्या राजापेठेत मेथी-सांभाराच्या हिरव्या जुड्या विकून यावं, अन् यायनं काळ्या मातीवर मॅट अंथरून खिळे ठोकत बसावं. पन खोटं काहून बोलू, पोरं त्यायच्यावर जीव टाकत.

यंदा मोठा पेच पडला. नत्थुजी आमचे जुने अंपायर. किसनरावच्या हाती पहिला बॉल देनारे तेच. बायको गेल्यापासून त्यायच्या घरी बोलाले मानूस नाही, ग्राउंड हेच घर. पन नजर गेली. सेमीफायनलले धडधडीत कॅच त्यायले दिसला नाही, पोरायनं बोंबाबोंब केली. कमिटी म्हने, फायनलले नत्थुजी नको, सेक्रेटरीनं जाऊन सांगावं.

गेले की सांगाले! तोंड पाडून वापस आले.

"सांगतलं?" मी इचारलं.

"त्यायनं चहा ठेवला न, शालू. त्यायच्या हातचा चहा पिऊन असं कसं सांगू?"

"मंग नव्हता प्यायचा!"

"असं करते का कोनी?"

पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले. मंग डोकं चालवलं. आपल्याकडं मानसाले शाल-नारळ देला का तो समजून जाते, आता घरी बसाचं. फायनलच्या सकाळी पेंडॉलात सत्कार झाला. हार, शाल, श्रीफळ, लंबं भाषन. नत्थुजीच्या डोळ्यात पानी आलं. मले वाटलं, समजले बिचारे. कायचे समजतात! नारळ माह्या हाती देला, शालीवरूनच पांढरा कोट चढवला अन् मान ताठ करून स्टंपाकडं चालले. तिथं अकोल्याहून बोलावलेला अंपायर आधीच उभा. माय वं! पोरं हसाले लागले. मले असा राग आला, पोरायचा अन् माह्या नवऱ्याचाही.

किसनराव स्टेजवरून उतरले, लंगडत मैदानात गेले. मी मागोमाग.

"नत्थुजी, तुमाले आता दिसत नाही. म्हनून हा सत्कार. घरी येऊन सांगाचं होतं, माही हिंमत झाली नाही."

नत्थुजी हळूच म्हनाले, "दिसत नाही हे मले ठाव हाय, किसना. पन घरी जाऊन करू काय?"

आमचे हे भर मैदानात रडले. मंग त्यायचा हात धरून बाउंडरीवर नेलं, दोन खुर्च्या ओढल्या. मॅच सुरू झाली. पाहुने आले, माईकवरून सेक्रेटरीले हाका सुरू, पन हे हललेच नाही. दर बॉलले नत्थुजी इचारत, "काय झालं रे?" अन् हे सांगत.

संध्याकाळी मॅट गुंडाळून पोरं गेले, तरी दोघं बसूनच. शेवटी मीच म्हनलं, "चला नत्थुजी, आमच्या घरी."

"जेवाचं कायले करतं, माय? डबा हाय माह्याकडं."

"जेवाले नाही बोलावून राहिली," मी म्हनलं. "राहाले बोलावून राहिली."